पत्रकारिता शिकायचीय, पण सुरुवात कुठून करू? पुण्यातल्या कॉलेजविद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या. आता कॉलेजांच्या भित्तिपत्रकांना आणि नियतकालिकांना मदत करतो. शनिवारी मुलं भेटतात, अमृततुल्यात चहा होतो आणि प्रश्न तेच येतात. त्याच प्रश्नाला मी दर शनिवारी थोडं वेगळं उत्तर देतो, हे एका विद्यार्थिनीने वहीत तारखेसह लिहून ठेवून मला दाखवलं. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून काढलंय.

पत्रकारितेची पदवी घेतलीच पाहिजे का?

नाही. घेतलीत तर चांगलंच. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग आहे आणि तिथे शिकलेली माणसं तुम्हाला कुठल्याही मराठी वृत्तपत्रात भेटतील. वर्गाचा मोठा फायदा म्हणजे तिथे केलेल्या चुका छापून येत नाहीत. पण आमच्या डेस्कवरची सगळ्यात कामाची सहकारी बी.कॉम. होती. तिला ताळेबंद वाचता यायचा. महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की आम्ही सगळे पदवीधर पत्रकार तिच्या टेबलाभोवती कोंडाळं करून उभे.

या शहरात दोन्ही परंपरा आहेत. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ ला निघाला, तेव्हा त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर २४ वर्षांचे होते. पुढे मतभेद झाले तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. पत्रकारितेची पदवी तेव्हा इथे कोणी ऐकलीही नव्हती. उलट १ जानेवारी १९३२ ला 'सकाळ' सुरू करणारे नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. त्यामुळे या प्रश्नावर आईवडिलांशी भांडायचं असेल, तर इतिहास दोन्ही बाजूंना दाखले पुरवतो.

बातमी म्हणजे नेमकं काय?

व्याख्या पाठ करण्यापेक्षा भिडे पुलाकडे बघा. दर पावसाळ्यात 'भिडे पूल पाण्याखाली' हा मथळा येतो. पूल सखल आहे, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की तो बुडतो. पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मग ही बातमी का? ज्याला आत्ता डेक्कनवरून नारायण पेठेत जायचंय त्याच्यासाठी ती बातमी आहे. बाकीच्यांसाठी तो फोटो आहे.

खरी बातमी पुढच्या प्रश्नांत असते. किती क्युसेकने पाणी सोडलं? किती वाजता? नदीकाठच्या सोसायट्यांना आधी कळवलं का, कोणी, कसं? भोंगा वाजवला की फक्त ग्रुपवर मेसेज टाकला? पार्किंगमधल्या गाड्या काढायला लोकांना किती वेळ मिळाला? हे विचारलं की एका फोटोतून तीन बातम्या निघतात आणि त्यातली एक बहुतेक वेळा कोणालातरी अडचणीची असते.

आकडे वापरायचे तर ते समजून घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साठवणक्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे. क्युसेक हा वेग आहे आणि टीएमसी हा साठा. 'धरणातून दोन टीएमसी वेगाने विसर्ग' असं लिहिलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, माझ्याकडे आली होती. ती लिहिणारा आज चांगला पत्रकार आहे, म्हणून नाव सांगत नाही.

कोण, काय, कुठे, कधी, का, कसं: ही सहाही उत्तरं पहिल्याच वाक्यात कोंबायची का?

अजिबात नाही. सहाही उत्तरं तुमच्याजवळ असली पाहिजेत, पण पहिल्या वाक्यात सगळ्यात महत्त्वाची एक-दोनच जातात.

कॉलेजच्या मुलांकडून येणारी कॉपी नव्वद टक्के वेळा अशी सुरू होते: 'दिनांक अमुक रोजी आमच्या महाविद्यालयाच्या प्रांगणात मा. प्राचार्यांच्या अध्यक्षतेखाली वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला.' वाक्य संपलं तरी काही घडलेलं नाही. याच कार्यक्रमाला जाऊन एका मुलाने माळीकाकांना विचारलं, 'गेल्या वर्षी लावलेली रोपं कुठली?' माळीकाका त्याला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले. त्याने रोपं मोजली. मग त्याची पहिली ओळ साधारण अशी झाली: 'गेल्या जुलैत लावलेल्या दोनशे रोपांपैकी एकतीस जगली आहेत, त्याच जागी काल आणखी दोनशे लावली.' अध्यक्षस्थानी कोण होतं ते चौथ्या परिच्छेदात आलं आणि पान लावताना तिथेच कापलंही गेलं.

उलटा पिरॅमिड म्हणतात तो हाच. महत्त्वाचं वर, मग कमी महत्त्वाचं. त्यामागे तत्त्वज्ञान कमी आणि जागेची अडचण जास्त. रात्री उशिरा जाहिरात वाढते, बातमीची जागा कमी होते आणि उपसंपादक शेपटाकडून कापतो. शेवटच्या ओळीत तुम्ही जीव ओतला असेल तर तो जीव आधी जातो. वेबसाइटवर जागेची चणचण नाही, पण वाचक अर्ध्यातून निघून जातो, त्यामुळे हिशेब तोच राहतो.

माझं मराठी तेवढं चांगलं नाही. चालेल का?

कुठलं मराठी? 'उपस्थितांची मने जिंकली', 'अलोट गर्दी', 'संतापाची लाट', 'परिसरात हळहळ' हे येत नसेल, तर तुमची अर्धी मेहनत वाचली. तुम्ही आजीला फोनवर जशी घटना सांगता तशी लिहा. आजी मध्येच 'म्हणजे कोण?' असं विचारते. तिथे तुमच्या कॉपीत नाव राहिलेलं असतं.

मराठीतली एक खोड मात्र पहिल्या दिवसापासून मोडा: 'करण्यात आले'. 'रस्ता खोदण्यात आला', 'झाडे तोडण्यात आली', 'शुल्क वाढवण्यात आले'. कोणी? सरकारी पत्रकं या क्रियापदावर जगतात, कारण त्यात कर्ता लपतो. पत्रकातलं प्रत्येक 'करण्यात आले' पेन्सिलीने अधोरेखित करा आणि प्रत्येकाला 'कोणी?' विचारा. निम्म्या वेळा उत्तर द्यायला समोरचा टाळाटाळ करतो. ती टाळाटाळ वहीत टिपून ठेवा.

दुसरी गोष्ट आदरार्थी बहुवचनाची. एकाच पानावर दोन बातम्या बघा. रिक्षाचालकाला अटक झाली की 'तो पळून जात होता'. बांधकाम व्यावसायिकाला अटक झाली की 'ते रुग्णालयात उपचार घेत आहेत'. दोघेही आरोपी. ही आपली भाषा आपल्या नकळत कोणाला खुर्ची देते आणि कोणाला जमिनीवर बसवते, हे तपासत राहा. माझं मत विचाराल तर दोघांनाही एकच न्याय द्यावा, कुठला ते तुमच्या संपादकांनी ठरवावं. मी नोकरीत असताना हे ठरवून घेऊ शकलो नाही.

मराठी टायपिंग कुठलं शिकू?

युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळपटावर. फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करण्यावर, हात पटकन बसतो, पण इनस्क्रिप्ट एकदा आलं की जोडाक्षरांशी झगडा संपतो. दहा-बारा दिवस वैताग येईल. काही ठिकाणी पानं लावायला अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. तिथून आलेला मजकूर तुमच्या मोबाइलवर चिनी दिसला तर घाबरू नका, कन्व्हर्टर असतो. कन्व्हर्ट केल्यावर रफार आणि 'ऱ्य' नजरेखालून घाला.

लोकांशी बोलायला भीती वाटते. काय करू?

मलाही वाटायची. ओळखीच्या लोकांपासून सुरुवात करा हा सल्ला सगळे देतात. मी उलटं सांगतो, ओळखीच्यांना प्रश्न विचारणं जास्त अवघड. मामाला 'तुमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरचे पैसे कोण खातं?' असं कसं विचारणार?

पीएमपीच्या बसथांब्यावर उभे राहा. तिथे माणूस आधीच वैतागलेला असतो, त्याला वेळ असतो आणि विषय समोर असतो. 'काका, किती वेळ झाला उभे आहात?' एवढ्या प्रश्नाने सुरुवात होते. आपण कोण, कुठल्या कॉलेजचे, हे कशासाठी विचारतोय, हे दुसऱ्या वाक्यात सांगून टाका. मग गप्प बसा. नवखा बातमीदार शांतता सहन न होऊन स्वतःच उत्तर सुचवतो, 'म्हणजे तुम्हाला खूप त्रास होतो ना?' आणि काका 'हो' म्हणतात. ते वाक्य मग काकांच्या नावावर छापून येतं, बोललेले तुम्ही असता.

आणि नाव. नाव माणसाकडून देवनागरीत लिहून घ्या, त्याच्याच हाताने. इंग्रजी व्हिजिटिंग कार्डावरून नाव उतरवू नका. कार्डावरचे 'काले' हे काळे असू शकतात, गोले हे गोळे असू शकतात. ल आणि ळ यांच्यामध्ये एक आख्खं घराणं बदलतं. आपल्याकडे माणूस आपल्यावर टीका झालेली विसरतो, पण नाव चुकलेलं पुढच्या लग्नकार्यापर्यंत लक्षात ठेवतो.

एवढ्या बारीक गोष्टींनी काय फरक पडतो?

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रक्तदान शिबिराची चार ओळींची बातमी, खाली संपर्कासाठी फोन नंबर. मी एक आकडा चुकवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात फोन आला. पलीकडे कोथरूडच्या एक आजी. सकाळपासून त्यांना पन्नासेक फोन आले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, 'रक्त द्यायला माझी ना नाही हो, पण मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.' मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, 'छापायच्या आधी त्या नंबरवर एकदा फोन करून बघत नाही का तुम्ही लोक?'

आम्ही बघत नव्हतो. त्या दिवसापासून मी बघतो.

व्हॉट्सॲपवर आलेली गोष्ट खरी आहे की नाही, कसं कळणार?

पहिला प्रश्न: हे मूळ कोणी, कधी, कुठून टाकलं? फोटो असेल तर रिव्हर्स इमेज सर्च करा, जुन्या फोटोंची निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. व्हिडिओत दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटवरची राज्याची अक्षरं आणि लोकांची बोली ऐका-बघा. लक्ष्मी रस्ता म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओत एकही मराठी पाटी नसेल, तर विचार करा.

पुण्याला धरणाची अफवा फार झोंबते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. ज्या घरांनी ते पाहिलं, तिथे पुराच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्यामुळे जोराच्या पावसात 'धरणाला तडा' असा मेसेज आला की माणसं विचार करायच्या आधी पुढे पाठवतात. अशा वेळी जलसंपदा विभागाचं त्या तासाचं विसर्गाचं पत्रक मिळवा, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन लावा आणि जमत असेल तर सुरक्षित अंतरावरून पुलावर जाऊन स्वतः बघा. तीनपैकी दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय एक अक्षर टाकू नका. 'असा मेसेज फिरत आहे, खातरजमा करत आहोत' हेसुद्धा टाकू नका. लोक पूर्वार्ध वाचतात आणि गाडी काढून पळतात.

आणि पाच जणांनी तेच सांगितलं म्हणजे पाच सोर्स झाले असं नाही. पाचही जणांनी एकाच ग्रुपवर वाचलेलं असतं. प्रत्येकाला विचारा: 'तुम्ही स्वतः पाहिलंत?'

पोलिसांच्या आणि कोर्टाच्या बातम्यांत शब्दांचा घोळ होतो. फरक सांगाल?

हा भाग नीट वाचा, इथली चूक माणसाच्या आयुष्यावर जाते.

'ताब्यात घेतलं' आणि 'अटक केली' एक नव्हे. 'गुन्हा दाखल' म्हणजे फिर्याद नोंदली गेली, गुन्हा सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही. शिक्षा होईपर्यंत माणूस 'आरोपी', 'गुन्हेगार' नव्हे. पोलिस कोठडीत तपासासाठी माणूस पोलिसांकडे असतो, न्यायालयीन कोठडी झाली की तो कारागृहात जातो. 'जामीन मिळाला' म्हणजे 'सुटका झाली, निर्दोष' असं नव्हे. आणि फिर्यादीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट ही फिर्यादीचं म्हणणं असते, म्हणून 'फिर्यादीत म्हटले आहे' हे शब्द गाळू नका, कितीही कंटाळवाणे वाटले तरी.

एफआयआर बघायला पोलिस ठाण्यात ओळख असावी लागते असं मुलांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात. रोज तीन वाचा. भाषा जड असते, पण महिन्याभरात पत्रकात काय गाळलंय ते कळायला लागतं.

काही नावं कधीच छापायची नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालक पीडित असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तर कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची ओळखही झाकतं. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. 'अमुक सोसायटीत राहणारी, तमुक शाळेत आठवीत शिकणारी, जिचे वडील बँकेत आहेत' एवढं लिहिलं की आख्ख्या गल्लीला कळतं.

आमच्यासारख्या विद्यार्थ्यांवर बदनामीचा दावा होऊ शकतो का?

होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी कलम ३५६ मध्ये आहे, आधी ती दंडविधानाच्या ४९९ आणि ५०० मध्ये होती. 'पण ते खरं आहे' एवढ्यावर फौजदारी बचाव पूर्ण होत नाही. खरं असावं लागतं आणि ते लोकहितासाठी प्रसिद्ध केलेलं असावं लागतं. भित्तिपत्रकाला, इन्स्टाग्रामच्या स्टोरीलाही हे लागू आहे. म्हणून कागद जपा, वही जपा, आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला छापण्याआधी विचारा. 'संपर्क होऊ शकला नाही' लिहिणार असाल तर खरोखर किती वाजता, कितीदा फोन केला ते टिपून ठेवा. रात्री अकराला एक मिस्ड कॉल देऊन हे वाक्य लिहिणारे मी पाहिले आहेत.

माहितीचा अधिकार फक्त पत्रकारांना असतो ना?

नागरिकांना असतो. ओळखपत्र, बायलाइन (बातमीवर छापलेलं नाव), काही लागत नाही आणि माहिती कशाला हवी हेही सांगावं लागत नाही. २००५ च्या या कायद्याइतकं स्वस्त शिक्षण पुण्यात दुसरं नाही: अर्जाला १० रुपये, प्रतीच्या पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत मांडायचा. मुलं या १५० शब्दांवर कुरकुरतात, मला ते उत्तम संपादन-प्रशिक्षण वाटतं.

अर्ज फसतो तो प्रश्नामुळे. 'आमच्या मार्गावर बस वेळेवर का येत नाहीत?' याला उत्तर मिळणार नाही, कारण 'का' हा कागद नसतो. कार्यालयात जो कागद असणारच तो मागा: 'अमुक क्रमांकाच्या मार्गावर जून महिन्यात नियोजित फेऱ्या किती, प्रत्यक्ष झालेल्या किती, रद्द झालेल्या फेऱ्यांच्या नोंदीची प्रत.' कागद आला की 'का' विचारायला अधिकाऱ्यासमोर जा. हातात कागद असला की 'बघतो, करतो' एवढ्यावर तुम्हाला परत पाठवणं त्याला अवघड जातं.

अनुदानित कॉलेजही या कायद्याखाली येतं. जिमखाना शुल्काचा हिशेब मागणारा पहिला अर्ज तिथेच करून बघायला हरकत नाही.

प्राचार्य रागावले तर?

रागावतील. त्यांची बाजू आधीच घेऊन ती बातमीत नीट, न कापता दिलेली असेल तर राग आठवड्याभरात उतरतो. भित्तिपत्रक उतरवायला लावलं तर उतरवा, पण त्याचा फोटो आणि तारीख ठेवा. संपादक मुलांनी एक मात्र करावं: ज्या शिक्षकाने तुम्हाला पाठिंबा दिला, त्याला अंधारात ठेवून काही छापू नये. त्याला नोकरी असते.

पहिला बीट कुठला घेऊ?

बीट म्हणजे बातमीदाराने सतत सांभाळायचा विषय. राजकारण सगळे मागतात. मी मार्केट यार्ड सुचवतो. गुलटेकडीला पहाटे जा. घाऊक भाव फळभाज्यांचे दहा किलोला आणि पालेभाज्यांचे शेकडा जुडीला बोलतात, हे आधी कळतं. मग घरी येताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला भाव विचारा. समजा यार्डात टोमॅटो दहा किलोला दोनशे रुपये होता आणि कोपऱ्यावर किलोला चाळीस आहे. म्हणजे वीसचे चाळीस झाले. मधले वीस कुठे गेले? लगेच 'ग्राहकांची लूट' असा मथळा सुचेल, तो गिळा. हमाली, टेम्पो, संध्याकाळपर्यंत सडलेला माल, पथारीची जागा, सगळ्याचा हिशेब त्या भाजीवालीकडून एक-एक करून मागा. काही वेळा लूट निघते. बऱ्याचदा तिच्या हातात दिवसाअखेर जे उरतं ते ऐकून आपण मथळा बदलतो.

आणखी एक आकड्यांचं: दर १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला तर वाढ 'पाच टक्के' नव्हे. ती पाच टक्केबिंदूंची वाढ आहे, आणि टक्क्यांत सांगायची तर पन्नास टक्के. सरकार आणि विरोधक आपापल्या सोयीचा आकडा देतात. तुम्ही दोन्ही द्या.

'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे काय?

आधी ठरलेलं असेल तरच ते ऑफ द रेकॉर्ड. नेता सगळं बोलून झाल्यावर 'हे छापू नका बरं का' म्हणाला, तर तांत्रिकदृष्ट्या तुम्ही बांधील नाही. पण साध्या माणसाला, पहिल्यांदा पत्रकाराशी बोलणाऱ्याला, हा नियम माहीत नसतो. त्याच्यापुरता नियम सैल करा, नेत्यापुरता करू नका.

मोबाइलवर व्हिडिओ बातमी करायची असेल तर?

आवाज आधी, चित्र नंतर. विसर्जन मिरवणुकीत बेलबाग चौकात ढोल चालू असताना घेतलेला बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, फेकूनच द्यावा लागतो, माणसाला बाजूच्या बोळात न्या. प्रत्येक शॉट मनात दहापर्यंत मोजून धरा. स्वतःचा चेहरा शेवटी, आणि गरज असेल तरच.

एआयकडून बातमी लिहून घेतली तर?

रेकॉर्डिंग उतरवायला वापरा, मग स्वतः ऐकून ताडून पाहा, कारण नावं आणि ळ तिथेही मार खातात. कोणाच्या तोंडी वाक्य घालायला वापरलंत, तर ते काकांच्या नावावर आपलं वाक्य छापण्यासारखंच.

इंटर्नशिप कशी मिळते? पैसे मिळतात का?

छापून आलेल्या किंवा भित्तिपत्रकावर लावलेल्या पाच बातम्या घेऊन दुपारी तीन-चारच्या सुमारास जा. सकाळी कोणी नसतं आणि रात्री आठनंतर कोणाला मान वर करायला वेळ नसतो. प्रमाणपत्रांची फाइल घरी ठेवा. पहिला महिना प्रेस नोटांच्या बातम्या करण्यात आणि नवी पेठेत, गांजवे चौकातल्या पत्रकार भवनात पत्रकार परिषदांना जाण्यात जातो. परिषदेत सगळ्यांना मिळतं तेच तुम्हालाही मिळतं. चहाच्या वेळी बाजूला उभ्या असलेल्या कार्यकर्त्याशी बोलून बघा, तिथे कधी कधी जास्त मिळतं.

पैसे सुरुवातीला कमी आणि काही ठिकाणी शून्य. बिनपैशाचं काम किती महिने करणार हे पहिल्याच दिवशी स्वतःशी ठरवा आणि घरीही सांगा. खोलीचं भाडं भरून राहणाऱ्या मुलाला आणि सदाशिव पेठेत स्वतःच्या वाड्यात राहणाऱ्या मुलाला हा धंदा सारखा परवडत नाही. बातम्यांत कोणाचं जग दिसतं आणि कोणाचं दिसत नाही, याचं एक कारण हेही आहे.

गाडीवर 'प्रेस' असं लिहिलं तर चालेल का?

नका लिहू. आमच्या गल्लीत एकाच्या हातगाडीवर तो शब्द आहे आणि त्याने तो प्रामाणिकपणे लिहिलाय. कपडे सकाळी दिले की संध्याकाळी घडी घालून मिळतात.